विणकराच्या पोराने लक्षात ठेवलेलं

खाली माग, वर माणसं. स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन गावात मूडी स्ट्रीटवर असं एक दगडी घर अजून उभं आहे. तळमजल्यावर विल्यम कार्नेगीचा हातमाग चालायचा आणि वरच्या एका खोलीत त्याचा अख्खा संसार. २५ नोव्हेंबर १८३५ रोजी त्या खोलीत अँड्र्यू जन्मला. बाप विणायचा ते कापड साधंसुधं नव्हतं. लिननचं डमास्क, विणीतूनच वेलबुट्टी उमटलेलं, श्रीमंतांच्या जेवणाच्या टेबलावर अंथरायचं. म्हणजे माणूस पक्का कारागीर. हाताला मान होता, घरात पुस्तकं होती, गावच्या राजकारणावर कडक मतं होती. सासरचे मॉरिसन तर त्याहून जहाल, मजुरांना मताचा हक्क मिळावा म्हणून सभा गाजवणारे.

हे आधी सांगतोय, कारण नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून येणाऱ्या ‘शून्यातून साम्राज्य’ छापाच्या गोष्टीत हे कधीच नसतं. त्यात कार्नेगी थेट गरीबच जन्माला येतो. मग कष्ट, मग काटकसर, मग अब्जाधीश, आणि शेवटी हात जोडलेली इमोजी. मी पिट्सबर्गला राहतो म्हणून ही गोष्ट मला जरा जास्तच पाठवली जाते. ज्या विद्यापीठात शिकायला आलो त्याच्या नावात कार्नेगी, ज्या वाचनालयात मुलीला घेऊन जातो त्याच्या दारावर कार्नेगी, डायनासोरचे सांगाडे बघायला जावं तर तेही कार्नेगीचेच. या गावात हा माणूस टाळता येत नाही. मग एका हिवाळ्यात, बाहेर बर्फ साचलेलं असताना, त्याचं आत्मचरित्र आणि त्याच्यावरची चारदोन पुस्तकं नीट वाचून काढली.

वाचायला मी बसलो तो परळच्या गिरणीतल्या साचेवाल्याचा मुलगा म्हणून. बाबांची गिरणी १९८२ च्या संपात बंद पडली आणि मग धड उघडलीच नाही. त्यामुळे पुस्तकातला विल्यम कार्नेगी माझ्यासाठी नुसता ‘नायकाचा बाप’ राहिला नाही.

१८४७ च्या सुमाराला डनफर्मलिनमध्ये वाफेवरचे माग आले. हातमागाची कामं आधी कमी झाली, मग थांबली. एके दिवशी बाप घरी आला आणि आता काम मिळत नाही एवढंच पोराला म्हणाला. कार्नेगीने हे म्हातारपणी लिहिलंय, पण वाचताना वाटतं की तो अजून त्याच खोलीत उभा आहे. आई मार्गारेटने घराच्या पुढच्या भागात भाजी-खाऊचं छोटं दुकान टाकलं. तिचं माहेर चांभारकाम करणाऱ्यांचं, त्यामुळे रात्री भावाकडची पादत्राणं शिवायला आणायची. धाकटा टॉम तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचा. शेवटी अमेरिकेतल्या बहिणींना पत्रं गेली. माग आणि सामान लिलावात काढलं तर फारसं काहीच हाती आलं नाही. आईच्या एका मैत्रिणीने वीस पौंड उसने दिले तेव्हा कुठे भाड्याची जुळणी झाली.

मे १८४८ मध्ये ग्लासगोहून ‘विस्कॅसेट’ नावाच्या जहाजावर चौघं निघाली. न्यूयॉर्कपर्यंत सात आठवडे. तिथून पिट्सबर्गला पोचायला कालवे, सरोवर, पुन्हा कालवा, नदी अशी आणखी तीन आठवड्यांची तंगडतोड. आज न्यूयॉर्कहून गाडीने सहा-सात तास लागतात आणि आम्ही त्यातही कुरकुर करतो.

पिट्सबर्गच्या नदीपलीकडे तेव्हा अ‍ॅलेगनी नावाचं वेगळं गाव होतं. तिथे मावशीच्या आधाराने दोन खोल्या मिळाल्या. गोष्टीतला नायक इथून वर चढू लागतो, पण मला मात्र सारखा त्याचा बापच दिसत राहिला. नव्या देशातही विल्यमने मागच लावला. टेबलक्लॉथ विणायचे आणि दारोदार विकायचे. दुकानदार घेत नव्हते, कारण तेच कापड यंत्रावर स्वस्त पडत होतं. ज्या यंत्राने स्कॉटलंडमधून हाकललं तेच इथे आधीपासून बसलेलं. नाइलाजाने तो एका सूतगिरणीत लागला, आणि बारा वर्षांच्या अँड्र्यूलाही तिथेच बाबिनी, म्हणजे सूत गुंडाळायची रिळं, पोचवायचं काम मिळालं. आठवड्याला १ डॉलर २० सेंट. अंधारात घर सोडायचं आणि अंधारातच परतायचं. बापाला ते काम सोसलं नाही. गिरणी सोडून तो पुन्हा मागावर बसला. पोराने मात्र दुसरी नोकरी धरली. बाबिनी बनवणाऱ्या कारखान्याच्या तळघरात एकट्याने बॉयलर सांभाळायचा, वाफेचं इंजिन चालवायचं, आणि त्याबद्दल आठवड्याला २ डॉलर. वाफ कमी झाली तर वरचे कामगार ओरडणार, जास्त झाली तर बॉयलर फुटणार. रात्री झोपेत तो उठून बसायचा आणि दाबाचे काटे तपासायला लागायचा. घरी यातलं काही बोलायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

पुढची पायरी नशिबाची, आणि हे तो स्वतःच प्रांजळपणे सांगतो. त्याचे मावसे होगन आणि तार ऑफिसचे मॅनेजर डेव्हिड ब्रुक्स संध्याकाळी ड्राफ्ट्स खेळायचे, म्हणजे बुद्धिबळाच्या पटावर सोंगट्यांचा खेळ. एकदा डाव मांडताना ब्रुक्स म्हणाले, तारा पोचवायला एखादा चांगला पोरगा हवाय. मावशांनी नाव सुचवलं. डाव दुसऱ्या कुणाशी असता तर? कारखान्यातल्या इतर पोरांचे मावसे कुणाशी खेळत होते, ते कुठेच लिहिलेलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी बाप दोन मैल चालत त्याच्यासोबत ऑफिसपर्यंत आला. दाराशी पोचल्यावर अँड्र्यूने त्याला सांगितलं, तुम्ही खालीच थांबा, मी एकटा वर जातो. आपण आता थोडे अमेरिकन झालो आहोत, बाबांच्या जाड स्कॉटिश बोलीसमोर आपली छाप पडणार नाही, असं त्याला वाटलं. कार्नेगी हे लिहून जातो आणि पुढच्या वाक्यात नोकरी मिळाल्याच्या आनंदाकडे वळतो. मी त्या पानावर बराच वेळ थांबलो. इथल्या कुठल्याही मराठी घरात हे आजही बघायला मिळतं. शाळेत पालकसभा असली की पोरं गाडीतच बजावतात, ‘आई, तू जास्त बोलू नकोस, मी सांगते त्यांना.’ आई मान हलवते, आत जाऊन गप्प बसते, आणि परत येताना मात्र ‘किती छान बोलली गं’ म्हणून पोरीचंच कौतुक करते. विल्यम कार्नेगी त्या सकाळी रस्त्यावर उभा राहून काय विचार करत होता, याची कल्पना करायला मला स्कॉटलंडला जावं लागत नाही.

पगार आता अडीच डॉलर झाला. पोरगा हुशार खराच. पिट्सबर्गच्या व्यापारी रस्त्यांवरच्या सगळ्या पेढ्यांची नावं त्याने ओळीने पाठ केली, मग मालकांचे चेहरे पाठ केले, म्हणजे तार रस्त्यातच हातात देता यावी. तारयंत्राची कडकट्ट नुसती कानाने ऐकून मजकूर उतरवायला शिकला. तेव्हा हे फार थोड्यांना जमायचं. ज्याच्या तारा वाहायच्या त्याचे भाव, त्याची उधारी, त्याचं दिवाळंही कळायचं. शहराचा सगळा व्यवहार त्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या कानातून जात होता. व्यापार तो तिथेच शिकला, शाळेत नाही.

शाळा सुटलेली असली तरी पुस्तकं सुटली नाहीत. त्याचं श्रेय जातं कर्नल जेम्स अँडरसन नावाच्या सद्गृहस्थांना. आपल्या घरची सुमारे चारशे पुस्तकं ते दर शनिवारी कामकरी पोरांना वाचायला द्यायचे. पुढे ती पुस्तकं सार्वजनिक वाचनालयात गेली, आणि तिथल्या व्यवस्थापनाने फक्त रीतसर उमेदवारी करणाऱ्या पोरांनाच फुकट देऊ म्हटलं. बाकीच्यांनी वर्षाला दोन डॉलर भरायचे. कार्नेगी बिथरला. ‘पिट्सबर्ग डिस्पॅच’ या वर्तमानपत्रात त्याने पत्रं लिहिली, वाद घातला, आणि नियम बदलून घेतला. ज्याला दार दाखवलं गेलं त्याने लेखणीने ते उघडायला लावलं, असा हा प्रसंग. पुढे तो दार या गोष्टीबद्दल किती हळवा राहिला हे दिसेलच.

१८५३ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या थॉमस स्कॉटने त्याला आपला तारवाला कारकून म्हणून उचललं, महिना ३५ डॉलरवर. इथून गोष्ट धावू लागते. १८५९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो पिट्सबर्ग विभागाचा सुपरिंटेंडेंट झाला होता. पण सगळ्यात महत्त्वाचा धडा स्कॉटने वेगळाच दिला. कुठल्या कंपनीला रेल्वेचं कंत्राट मिळणार हे आतल्यांना आधी कळतं, तेव्हा तिचे शेअर आधीच घेऊन ठेवायचे. आज याला तुरुंगवास आहे, तेव्हा याला व्यवहारचातुर्य म्हणत. १८५६ मध्ये अ‍ॅडम्स एक्स्प्रेस कंपनीचे दहा शेअर घ्यायला स्कॉटने सुचवलं, आणि कार्नेगीच्या सांगण्यानुसार पैसे उभे राहिले ते आईने राहतं घर गहाण टाकल्यावर. पहिला लाभांश दहा डॉलरचा आला. घाम न गाळता आलेला पहिला पैसा. सोन्याचं अंडं देणारी कोंबडी सापडली, असा त्याला हर्ष झाला. तोवर त्याने काम केलं की पैसे मिळायचे. आता पैसाच कामाला लागला.

याच्या थोडी आधीची एक आठवण त्याने लिहिली आहे. ओहायो नदीवरची बोट उशिरा येणार होती म्हणून तो धक्क्यावर वाट बघत होता. बोटीतून बाप जात होता, व्हीलिंग आणि सिनसिनाटीला टेबलक्लॉथ विकायला. केबिनचं भाडं परवडत नाही म्हणून रात्रभर उघड्या डेकवर बसून. पोराने म्हटलं, ‘बाबा, थोड्याच दिवसांत तुम्ही आणि आई स्वतःच्या बग्गीतून फिराल.’ बोलायला लाजणारा, भावना कधी न दाखवणारा बाप हात धरून पुटपुटला की मला तुझा अभिमान वाटतो. १८५५ मध्ये विल्यम वारला. बग्गी नंतर आली, आईसाठी.

तेहेतिसाव्या वर्षी, १८६८ मध्ये, न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसून कार्नेगीने स्वतःसाठी एक टिपण लिहिलं. वर्षाला पन्नास हजार डॉलर पुरेत, त्याहून जास्त कमवायचे नाहीत. दोन वर्षांत धंदा सोडून ऑक्सफर्डला जायचं, शिकायचं. पैशाची पूजा ही सगळ्यात हीन मूर्तिपूजा आहे, असल्याच विचारात राहिलो तर माणूस म्हणून सुधारण्याची आशा संपेल. हे टिपण अस्सल आहे आणि ते तो इमानदारीने लिहीत होता, यात मला शंका नाही. त्यानंतर तेहेतीस वर्षं त्याने धंदा केला. आमच्या इथल्या मित्रमंडळींत ‘पाच वर्षं करायचं आणि परत जायचं’ असा ठराव ज्यांनी केला नाही असा एकही जण मला माहीत नाही, तेव्हा मी यावर फार हसत नाही.

पोलाद कसं करतात यातलं त्याला सुरुवातीला फारसं कळत नव्हतं. कळत होता तो खर्च. इंग्लंडमध्ये पोलाद स्वस्तात करायची बेसेमरची पद्धत त्याने पाहिली आणि १८७५ मध्ये पिट्सबर्गजवळच्या ब्रॅडॉकला एडगर थॉमसन वर्क्स सुरू केलं. कारखान्याला नाव दिलं पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या अध्यक्षाचं, म्हणजे जो रूळ विकत घेणार त्याचंच! टनामागे किती कोळसा, किती विटा, किती मजुरी, याचा हिशोब रोज मांडला जायचा. नफा कमी झाला तरी चालेल, खर्चाचा आकडा घसरलाच पाहिजे. जुनं यंत्र चालू असलं तरी नवं मिळताच मोडीत काढायचं. विणकराचं पोर यंत्राच्या बाजूला जाऊन उभं राहिलं होतं, आणि यात मला विश्वासघात वगैरे दिसत नाही. ज्याने बापाला त्या बाजूला हरताना पाहिलंय, तो पुन्हा तिथे कशाला उभा राहील? मीही पोटासाठी जे सॉफ्टवेअर लिहितो त्याने कुठल्या तरी ऑफिसातली दहा माणसांची कामं दोघांवर येतात. पगार छान आहे.

आता होमस्टेड. १८८६ मध्ये कार्नेगीने एका मासिकात लिहिलं होतं की कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे, आणि शेजाऱ्याची नोकरी हिसकावू नये हा कामकऱ्यांचा जणू धर्मच आहे. संपाच्या वेळी बाहेरची माणसं आणून काम चालवू नये, असा त्याचा अर्थ. कामगारांनी ते वाक्य जपून ठेवलं. सहा वर्षांनी, १८९२ मध्ये, मॉननगहेला नदीकाठच्या त्याच्याच होमस्टेड कारखान्यात युनियनशी झालेला करार संपत आला. तो स्वतः स्कॉटलंडमध्ये सुट्टीवर होता आणि कारभार त्याचा भागीदार हेन्री क्ले फ्रिककडे. पण ‘मला ठाऊकच नव्हतं’ ही सोय त्याला नाही. हा कारखाना यापुढे बिगरयुनियन चालेल, अशा नोटिशीचा मसुदा त्याने एप्रिलमध्येच फ्रिकला पाठवलेला होता. फ्रिकने कारखान्याभोवती उंच कुंपण घातलं, टाळेबंदी केली, आणि ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन या खाजगी सुरक्षा एजन्सीची तीनशे माणसं दोन बार्जमधून नदीमार्गे आणली. काठावर कामगार आणि त्यांच्या बायका जमल्या होत्या. दिवसभर गोळीबार चालला. दोन्हीकडचे मिळून दहाएक जण मेले. मग राज्याची फौज आली, बाहेरचे कामगार आले, नोव्हेंबरात संप मोडला आणि त्याबरोबर युनियनही. त्यानंतर कित्येक दशकं पिट्सबर्गच्या पोलादात संघटनेचं नाव काढायची सोय राहिली नाही.

मजुरी करणारे पुढे पुढे बहुतेक पूर्व युरोपातून आलेले होते. स्लोव्हाक, पोलिश, हंगेरियन. म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वीचे कार्नेगी कुटुंबच, फक्त बोली वेगळी. बारा तासांची पाळी, आठवड्याचे सातही दिवस. दर पंधरवड्याला दिवसपाळी रात्रपाळीत बदलायची तेव्हा सलग चोवीस तास. वर्षातली हक्काची सुट्टी ४ जुलैची.

१९०१ मध्ये कंपनी बँकर जे. पी. मॉर्गनला विकली. किंमत कार्नेगीने पेन्सिलीने कागदाच्या कपट्यावर लिहून पाठवली, ४८ कोटी डॉलर, आणि मॉर्गनने घासाघीस न करता मान्य केली. मग वाटप सुरू झालं. जगभरात २,५०९ वाचनालयं, त्यातली १,६७९ एकट्या अमेरिकेत. आपल्याकडे याचा एक लांबचा धागा येऊन पोचतो. १९०२ मध्ये जमशेदजी टाटा पोलादाच्या शोधात पिट्सबर्गला आले ते ज्युलियन केनेडीला भेटायला, आणि हा केनेडी कार्नेगीच्याच भट्ट्यांवर तयार झालेला इंजिनिअर. त्याने त्यांना न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिनकडे पाठवलं, आणि तिथून पुढे साकची गावात, आजच्या जमशेदपूरला, भट्टी पेटली.

मला त्या देणग्यांच्या यादीत सगळ्यात जास्त आवडते ती एक बाग. डनफर्मलिनमध्ये पिटनक्रीफ नावाची जमीनदाराची मोठी वाडी होती. गावकऱ्यांना वर्षातून एक दिवस आत सोडत, पण मॉरिसनांना तोही नाही, कारण आजोबांनी जमीनदाराशी हक्कांवरून भांडण काढलेलं. लहानग्या अँड्र्यूने ती बाग कुंपणाबाहेरून पाहिली. १९०२ मध्ये त्याने अख्खी वाडी विकत घेतली आणि गावाला देऊन टाकली, कुणालाही, केव्हाही, फुकट. त्या दिवसाइतका आनंद त्याला मॉर्गनच्या रोख्यांनीही झाला नसावा.

म्हणजे बागेचं बंद दार त्याने लक्षात ठेवलं, आणि वाचनालयाचंही. दोन्ही दारं त्याने हजारोंसाठी उघडली, खळखळ न करता. दाबाचा काटा तपासायला झोपेतून उठणारा पोरगा मात्र कुठे हरवला, याचं उत्तर त्याच्या आत्मचरित्रात मी शोधत होतो. होमस्टेडबद्दल दुःख झालं असं तो लिहितो, आपण हजर असतो तर असं झालं नसतं असंही सुचवतो. पाळीच्या तासांबद्दल तिथे मला काही सापडलं नाही.

बाबा दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आले तेव्हा त्यांना होमस्टेडला नेलं. कारखाना १९८६ मध्ये बंद पडला, आता तिथे मॉल आहे. सिनेमागृह, रेस्टॉरंट्स, मोठमोठी दुकानं, आणि वाहनतळाच्या कडेला जुन्या कारखान्याच्या विटांच्या बारा चिमण्या शोभेला ठेवल्यात. बाबा गाडीतून उतरले, चिमण्या मोजल्या आणि म्हणाले, ‘हे आपल्या परळसारखंच की.’ मग वर टेकडीवर कार्नेगीने १८९८ मध्ये बांधून दिलेलं वाचनालय दाखवलं. आत पुस्तकं, नाटकगृह आणि चक्क पोहण्याचा तलाव. नदीच्या वरच्या अंगाला ब्रॅडॉकच्या वाचनालयात तर कामगारांसाठी न्हाणीघर होतं, हे ऐकून ते खूश झाले. भट्टीवरून सुटलेला माणूस आधी अंग धुणार, पुस्तकाला नंतर हात लावणार, हे ज्याने ठरवलं त्याला कामगार ठाऊक होता, असं त्यांचं मत पडलं.

‘पण पाळी किती तासांची?’

‘बारा.’

‘मग वाचायचा कधी?’

मी सांगितलं, की तेव्हाच्या कामगारांनीही हेच विचारलं होतं, आणि इथल्या पोलाद कारखान्यांत बारा तासांची पाळी गेली ती १९२३ मध्ये. कार्नेगीला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. बाबांनी जरा हिशोब केला. गिरणगावात मोठा संप होऊन दहा तास झाले ते १९२० मध्ये, हे त्यांना युनियनच्या अभ्यासवर्गापासून पाठ आहे.

‘म्हणजे आम्ही तीन वर्षं पुढे होतो,’ ते म्हणाले, आणि चहा कुठे बरा मिळतो ते विचारलं.